शनिवारची टोपली

"बाबा, तुम्ही परत आत जाणार का?"

हा प्रश्न चार दिवस माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. तो बाहेर काढायचं श्रेय ईनास आणि सिरीनचं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मलावीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गरम पोळीच्या, गाडीपाशी ईनासने माझी वाट अडवली आणि कमरेवर हात ठेवले.

"मराम, सात मीटरवरून सुटलेला चेंडू तू तोंडावर घेतेस. आणि स्वतःच्या बापाला एक प्रश्न विचारताना तुझी बोबडी वळते?"

"विचारीन ना. बघू."

"आलं हिचं 'बघू'!" सिरीन म्हणाली. "मदाम लमियाला बघू, आम्हाला बघू. आज जेवताना विचार. नाही विचारलंस तर सोमवारी सगळ्या टीमला मलावी तुझ्याकडून."

"ट्यूना घालून," ईनास म्हणाली.

"आणि वर अंडं."

टीममध्ये चौदा पोरी आहेत, आणि सिरीन एकटी तिघींचं खाते. पण मलावी हे आपलं निमित्त. खरं कारण मदाम लमिया. त्या आमच्या हँडबॉलच्या सर, म्हणजे बाई, पण त्यांच्या आवाजामुळे सरच वाटतात. मार्चमधल्या अंतिम सामन्यात मी गोलमध्ये उभी होते आणि शेवटच्या पाच मिनिटांत सात मीटरचे तीन फटके अडवले. एक हाताने, एक गुडघ्याने, एक नाकाने. नाकाचा सगळ्यांत भारी होता. तेव्हापासून शब्बा गावात मी नुसती चालत नाही, मिरवते. त्याआधी मी कोण होते? मुन्सिफची मुलगी. आणि त्यातलं 'मुन्सिफ' लोक आवाज खाली करून म्हणायचे.

मदाम लमियांनी माझं नाव सूस शहरातल्या क्रीडाशाळेसाठी सुचवलं होतं. सप्टेंबरपासून राहणं, जेवण, शिकणं, खेळणं, सगळं तिथेच. घरी यायचं ते महिन्यातून एकदा. रविवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. कुठलीही शहाणी मुलगी नाचत हो म्हणाली असती. मी म्हणत होते, बघू.

कारण शनिवार.

तीन वर्षांपूर्वी बंदरावर, मासळीच्या लिलावात, बाबांचं आणि हामादीचं भांडण झालं. कोणी कोणाचं जाळं कापलं यावरून. बाबांच्या हातात माशांची लाकडी पेटी होती, ती त्यांनी हामादीवर हाणली. हामादीचा हात मोडला. त्याची तीन बोटं अजून मिटत नाहीत, आणि बोटं मिटत नाहीत त्याला जाळं ओढता येत नाही. आता तो बर्फाच्या कारखान्यात दारावर बसतो. हे मी लपवत नाही, कारण बाबांनीही कधी लपवलं नाही. न्यायाधीशासमोर ते म्हणाले होते, "मीच मारलं. राग आला." बस्स, एवढंच.

आमच्याकडे माणूस आत गेला की घरून टोपली जाते. जेवणाची. तुरुंगात जेवण मिळतं, पण ते काय जेवण म्हणायचं? ज्याला टोपली येत नाही त्याचं बाहेर कोणी नाही, असं धरतात. पहिलं वर्ष उम्मी, माझी आई, टोपली न्यायची. मग तिला मासळीच्या कारखान्यात शनिवारची पाळी लागली आणि टोपली माझी झाली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. दर शनिवारी पहाटे उठायचं, रांधायचं, भरायचं, लुआजच्या तळावर जायचं, आठवा उतारू मिळून गाडी हलेपर्यंत टोपली मांडीवर धरून बसायचं. मग तुरुंगाच्या फाटकाबाहेरच्या रांगेत, खाला झोहराच्या शेजारी. खाला झोहराचा मुलगा आत आहे, आणि ती आख्ख्या रांगेची खाला, म्हणजे मावशी, आहे. लहान पोरीला खिडकीवर एकटं घेत नाहीत, म्हणून ती मला दर वेळी "माझी भाची" म्हणून पुढे करायची.

बाबा मंगळवारी सुटले. आता कळलं ना प्रश्न कुठला? मी सूसला जायचं, आणि बाबांनी पुन्हा कोणावर तरी पेटी उचलायची. मग टोपली कोण नेणार? उम्मीची पाळी काही सुटत नाही.

तर शुक्रवारी जेवताना मी विचारलं. एका दमात, डोळे ताटात ठेवून.

उम्मीचा चमचा हवेतच थांबला. बाबांनी हातातला पाव खाली ठेवला आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "इन्शाल्ला, नाही."

'इन्शाल्ला, नाही' म्हणजे काय? उद्या पाऊस पडेल का विचारलं तरी माणूस हेच म्हणतो.

"तुला जीभ आहे की कात्री?" उम्मी कडाडली. "बाप घरी येऊन चार दिवस झाले नाहीत!"

"विचारू दे तिला," बाबा म्हणाले. पण पुढे काहीच बोलले नाहीत. उम्मीही नाही. मीही नाही. भांडी विसळली, दिवे मालवले, तिघं तीन बाजूंना तोंडं करून झोपलो. त्या न बोलण्यातूनच पुढचा सगळा घोटाळा झाला.

शनिवारी पहाटे माझे डोळे आपोआप उघडले. पाय आपोआप स्वयंपाकघरात गेले. फ्रिजमध्ये कोंबडी होती. ती उम्मीनेही आपोआपच आणली असणार, कारण आमच्या खाटकाला आता सांगावंही लागत नाही, शुक्रवारी उम्मी दिसली की तो बांधूनच ठेवतो. मी कोंबडी शिजवली आणि हाडं काढायला बसले. तुरुंगात हाड चालत नाही. ऑलिव्हमधली बी चालत नाही. भरलेलं काही चालत नाही, ना मिरची, ना समोसा. पाव आधीच उभा चिरलेला लागतो. दोन वर्षांत माझी बोटं इतकी तयार झालीत की मी झोपेतही कोंबडी सोलते. आणि मला वाटतं, मी झोपेतच होते. शपथेवर सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात बाबा घरी आहेत हे नव्हतंच.

थोड्या वेळाने उम्मी आली. बाबा सुटले म्हणून तिने आठवडाभराची रजा घेतली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं. पाट ओढला आणि ऑलिव्हच्या बिया काढायला बसली.

आता मी जागी झाले. अगं बाई, बाबा तर आतल्या खोलीत घोरतायत! मी तोंड उघडणार तेवढ्यात उम्मीचा चेहरा पाहिला. इतका गंभीर, की मी म्हटलं, हिला नक्की काहीतरी माहीत आहे. बाबांनी आतल्या कोणा मित्राला शब्द दिला असेल. कालच 'जीभ आहे की कात्री' ऐकलं होतं. आज कात्री म्यानात.

मग बाबा उठून आले. ते दारात उभे राहिले. घरी आल्यापासून ते प्रत्येक दारात आधी थांबतात, कोणीतरी 'चल' म्हणेपर्यंत. दोघी बायका मान खाली घालून हाडं आणि बिया काढतायत, हे त्यांनी बघितलं. घसा खाकरला. मग हळूच बसले आणि पाव चिरायला घेतले.

मला वाटलं, बघा, ठरलेलंच आहे यांचं.

मी नेहमीसारखी टोपली भरली. खाली कुसकुस, त्यावर हरभरे, त्यावर कोंबडी, आणि सगळ्यांत वर गाजराची फुलं. हो, फुलं. चाकूच्या टोकाने पाच पाकळ्यांची फुलं करते मी, तेराव्या वर्षापासून. दुसऱ्या डब्यात भाजलेल्या मिरचीचं सॅलड, त्यावर अंड्याच्या चकत्या गोलात मांडलेल्या. बाबांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार होते, पण म्हणाले नाहीत. नुसते टोपी घालून तयार झाले.

लुआजच्या तळावर चालक बिशीरने टोपली पाहिली, मग टोपलीमागे उभे बाबा पाहिले, आणि त्याच्या तोंडातली सिगारेट खालच्या ओठाला तशीच लटकली.

"सगळं कुटुंब?" तो म्हणाला.

"सगळं," उम्मी म्हणाली. "गाडी काढ."

मी खिडकीतून ऑलिव्हची झाडं बघत होते आणि मनात म्हणत होते, कोण असेल बरं हा मित्र, ज्याच्यासाठी बाबा सुटल्यावर चौथ्या दिवशी त्याच फाटकावर जातायत?

रांग नेहमीसारखी होती. खाला झोहराने बाबांना कधी बघितलं नव्हतं. तिने मला कुरवाळलं, उम्मीचा मुका घेतला, आणि बाबांकडे बोट दाखवून कानात विचारलं, "हा कोण? मामा?"

"बाबा."

"बाबा तर आत आहेत ना?"

"सुटले मंगळवारी."

खाला झोहराने टोपलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिला दात तीनच आहेत, पण ते तिन्ही दिसले. "मग आता आत कोण?"

"ते बाबांना माहीत," मी म्हटलं.

तेवढ्यात आमची पाळी आली. खिडकीमागचा पहारेकरी नेहमीचाच, मिशीवाला. त्याने वहीवरून मान वर न करता म्हटलं, "नाव, नंबर."

आणि माझ्या तोंडाने, मला न विचारता, बाबांचं नाव आणि नंबर घडाघडा म्हटला. पाढ्यासारखा.

पहारेकऱ्याचं बोट वहीवरून खाली गेलं, वर आलं. "हा सुटला की."

"हो."

"मग टोपली कोणाला?"

मी उम्मीकडे वळले. "कोणाला गं?"

"मला काय विचारतेस?" उम्मी म्हणाली आणि बाबांकडे वळली. "मुन्सिफ, कोणाला?"

बाबांनी टोपी काढली. "मी कसं सांगू? तुम्ही दोघींनी कोणाच्या तरी बायकोला शब्द दिला असेल म्हणून मी आलो."

"आम्ही? मला वाटलं तुझा आत कोणी मित्र आहे, म्हणून पोरगी रांधतेय!"

"आणि मला वाटलं..." मी म्हटलं. सांगू काय? की मी झोपेत होते?

पहारेकऱ्याने मान वर करून बाबांना नीट न्याहाळलं. "अरे, हा तर तुझ्या मागेच उभा आहे! सही कर रे, मुन्सिफ. टोपली पोचली."

रांगेत असं हसू फुटलं की विचारू नका. खाला झोहरा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. "चालू वर्षातली पहिलीच टोपली, जी स्वतःच्या पायांनी आली आणि खाणाऱ्यालाही घेऊन आली!" उम्मी डोळे पुसत होती. बाबाही हसले. तीन वर्षांत मी त्यांना काचेपलीकडून हसताना पाहिलं होतं, आवाज फोनमधून यायचा. आज आवाज आणि तोंड एकाच जागी होतं.

आणि मग मागून एक जण म्हणाला. पिवळ्या शर्टातला, कोणाचा तरी भाऊ असेल, मी त्याला आधी पाहिलं नव्हतं. "पोरगी इतकी वर्षं येतेय, तिचा जीव रमलाय इथे. चाचा, तिच्यासाठी जावई आतलाच बघा! टोपलीसकट द्या!"

दोघं-तिघं हसले. मग ज्यांना अर्थ कळला ते गप्प झाले.

मी बाबांचा उजवा हात बघत होते. तो हात मला पाठ आहे. मनगटावर जाळ्याच्या दोरीचा व्रण आहे. हाताची मूठ झाली. मानेवरची शीर वर आली. रांगेतल्या बायका भिंतीला चिकटल्या, पहारेकरी खुर्चीतून अर्धा उठला, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, ती फार वाईट होती. बाबा सांभाळा, ही नाही. हामादीचा हात, ही नाही. तर: संपलं, सूस संपलं.

मी उडी मारली. अगदी गोलमध्ये मारते तशी, हात पसरून, बाबा आणि पिवळ्या शर्टाच्या मध्ये.

आणि चुकीच्या बाजूला. बाबा तिथे नव्हतेच. ते वळले होते आणि भरभर चालत रस्ता ओलांडून पलीकडे निघाले होते. मागे न बघता, टोपी हातात धरून.

"बाबा!"

मी धावले. मागे उम्मीचा आवाज चढत होता, खाला झोहराचाही, पण ते नंतर. रस्त्यापलीकडे ऑलिव्हची बाग आहे. तिथे एका झाडाखाली बाबा मातीत बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, शाळेत शिक्षा झालेला मुलगा बसतो तसे.

मी जवळ गेले तर म्हणाले, "थांब जरा. अजून उतरतोय."

"काय?"

"राग."

मी थोडं अंतर ठेवून बसले. वारा होता. बाबा नाकाने श्वास घेत होते, जोरात, बोटीवर चढताना घ्यायचे तसा. मी काही म्हटलं नाही, आणि हे मला किती अवघड जातं ते ईनासला विचारा.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक हात बाहेर काढला, बोटं हलवून पाहिली. मग दुसरा.

"आत शिकलो हे," ते म्हणाले. "आमच्या खोलीत एक म्हातारा होता. तो म्हणायचा, हात मोकळा ठेवलास तर तो स्वतःचा विचार करतो. त्याच्यावर बस."

"आणि चालतं ते?"

"आज चाललं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काल तू विचारलंस, मी भिंतीकडे बघून उत्तर दिलं. ते खोटं उत्तर होतं. आता खरं सांगतो. मला माहीत नाही."

मी हातात आलेली ऑलिव्हची काडी मोडली.

"आत सगळे शपथा घेतात, मराम. रोज संध्याकाळी. पुन्हा नाही, आईची शपथ, कुराणाची शपथ. त्यातले निम्मे मी परत येताना पाहिले. म्हणून मी शपथ घेत नाही. तो पिवळ्या शर्टाचा माणूस, त्याचे दात मला इथूनही दिसतायत. पण उठून चालायला लागायचं, हे मला आता येतं. हामादीच्या वेळी येत नव्हतं. एवढंच आहे माझ्याकडे. थोडं आहे."

थोडं होतं खरं. पण गंमत सांगू? त्या 'इन्शाल्ला, नाही'पेक्षा हे मला उचलायला सोपं वाटलं. म्हणजे निदान आता त्याला धरायला कड होती.

"मग माझं काय?" मी म्हटलं. आणि एकदा सुरू झाले ते थांबलेच नाही. सगळं बाहेर आलं. सूस, मदाम लमिया, रविवार, उम्मीची पाळी. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मंगळवारी दारातून आत आलात तेव्हा सगळे रडत होते, आणि मी मनात शनिवार मोजत होते, किती मोकळे मिळतील म्हणून. म्हटलं, सिरीनच्या वाढदिवसाला मी कधी गेले नाही, ती तो नेहमी शनिवारीच साजरा करते. म्हटलं, माझ्या हातांना कोंबडीचा वास येतो आणि मला कोंबडी आवडतच नाही! माझा आवाज बागेभर गेला असावा. बाबा ऐकत राहिले. त्यांनी हात मांड्यांखाली घातले नाहीत.

"तुला कोणी सांगितलं की मी परत गेलो तर टोपली तू आणायची?" मी दम घ्यायला थांबल्यावर ते म्हणाले.

"सांगायला कशाला हवं? कोण आणणार मग?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी नाही. मी आत गेलो तर माझ्या पायाने गेलो. तिथे जेवण मिळतं. वाईट मिळतं, पण मिळतं. आमच्या खोलीत दहा जणांना टोपली येत नव्हती, त्यातला एकही मेला नाही." त्यांनी जमिनीवर हात आपटला, हळूच. "ऐक. तू टोपली आणलीस तर मी खिडकीवर सांगेन, ही कोण आहे मला माहीत नाही. परत पाठवा."

"असं नाही म्हणणार तुम्ही!"

"म्हणेन."

"माझी टोपली परत पाठवाल?"

"फुलांसकट," बाबा म्हणाले. मग जरा थांबले. "ती फुलं... ती रोजच असायची?"

"रोज म्हणजे? दर शनिवारी! दोन वर्षं!"

बाबांनी डोक्याला हात लावला. "मराम, पहारेकरी प्रत्येक डबा चमच्याने ढवळतो. तळापासून. मग सॅलड कुसकुसमध्ये ओततो, एकाच भांड्यात देतो. माझ्यापर्यंत नुसता काला यायचा. मला वाटायचं तू मुद्दाम कालवून पाठवतेस, सोपं जावं म्हणून. आज सकाळी पहिल्यांदा बघितलं ते तसं दिसतं हे."



"दोन वर्षं," मी म्हटलं, "मी पाकळ्या कोरत होते."

"चव चांगली होती."

"पाच-पाच पाकळ्या!"

"चव खरंच चांगली होती गं. फक्त पहिले काही महिने मीठ फार असायचं. खोलीतले म्हणायचे, मुन्सिफ, तुझ्या पोरीने समुद्रच भरून पाठवलाय."

मला हसू यायला लागलं. ते थेट पोटातून आलं. बाबांनाही आलं. आम्ही दोघं मातीत बसून असे हसत होतो की टोपली घेऊन आलेली उम्मी दहा पावलांवरच थांबली.

"शुद्धीवर आहात का दोघं?" ती म्हणाली. तिचा रुमाल मागे सरकला होता आणि गाल लाल झाले होते. "मी तिकडे एकटी लढतेय, आणि इथे तमाशा चाललाय!"

"काय केलंस?" बाबांनी विचारलं, जरा घाबरूनच.

"काही नाही. त्या पिवळ्या शर्टाला विचारलं, तुझी आई जिवंत आहे का? म्हणाला, आहे. म्हटलं, मग तिला उद्या माझ्याकडे पाठव, तुझ्या तोंडात काय काय घाण आहे ते तिला दाखवते. आणि झोहराने त्याला रांगेत शेवटी उभं केलं. सगळ्या बायकांच्या मागे. संध्याकाळपर्यंत त्याची पाळी येत नाही." उम्मी बसली, टोपली मध्ये ठेवली आणि बाबांकडे बघितलं. मग त्यांच्या गुडघ्यावरची माती झटकली. "चालत निघून आलास," ती एवढंच म्हणाली.

"आलो."

"बरं केलंस. खा आता."

आम्ही डबे उघडले. उम्मीने पावाचे तुकडे केले, हरिसाची, म्हणजे तिखट लाल चटणीची, बाटली काढली. बाबा डब्यात हात घालेनात. नुसते बघत होते. मग त्यांनी अगदी कडेने, फुलं न मोडता, कुसकुस खायला सुरुवात केली, आणि मला इतकं कसंतरी झालं की मी दोन बोटांत एक फूल उचललं आणि त्यांच्या तोंडात कोंबलं.

माझ्या अंगातून काहीतरी उतरत होतं. भीतीच असावी, पण ती इतकी वर्षं अंगावर होती की मला ती दप्तरासारखी वाटायची, आपलीच. बाबा परत जातील की नाही, मला अजूनही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. पण ते माझ्या हातात नव्हतं आणि, हे मला त्या झाडाखाली पहिल्यांदा कळलं, ते माझ्या हातात असायची गरजही नव्हती. ते बाबांच्या हातात होतं, आणि त्यावर कसं बसायचं ते बाबा शिकले होते.

"तू ओरडून सांगत होतीस ते मीही रस्त्यापलीकडून ऐकलं," उम्मीने मला पाव देत म्हटलं, "सगळ्या बागेने ऐकलं. ते सूसचं. सावकाश बोलू. घरी जाऊन. तिथे खाणं कसं असतं, मुली कशा असतात, आधी मावशीला विचारू, मग बघू."

"हो, बघू," बाबाही म्हणाले.

मी पाव खाली ठेवला आणि उभी राहिले. बसून सांगण्यासारखं नव्हतं ते.

"बघू नाही. तुम्ही मावशीला विचारा, काकांना विचारा, बिशीर लुआजवाल्यालाही विचारा. मी उद्या मदाम लमियांना हो सांगणार आहे. सप्टेंबरपासून मी सूसला राहणार."